घराला देवळाचं तोंड

इसवीसनपूर्व 44 च्या सुमारास रोमच्या सिनेटने जुलियस सीझरला जे मान दिले, त्यांत एक चमत्कारिक मान होता: राहत्या घरावर देवळासारखा त्रिकोणी माथा बसवण्याची मुभा. खांबांची रांग आणि तिच्यावरचा त्रिकोण ही देवाच्या घराची खूण. माणसाने ती लावायची नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मात्र गाठीला पैसा असलेला कुठलाही जमीनदार हा त्रिकोण बिनदिक्कत आपल्या घरावर चढवत होता.

याचं श्रेय, किंवा खापर, आंद्रेआ पाल्लादिओचं. मूळचा पाथरवट असलेला हा माणूस व्हेनिसच्या धनिकांसाठी शेतावरची घरं बांधायचा. देवळाचं तोंड घराला लावणारा तो पहिला नव्हे. फ्लॉरेन्सजवळ पोज्जो आ कायानोला मेदिचींच्या घराला ते आधीच लागलं होतं. पण 1570 साली छापलेल्या वास्तुकलेवरच्या चार भागांच्या ग्रंथात पाल्लादिओने या थाटाला कूळ मिळवून दिलं. त्याचा तर्क असा, की माणसाने आधी स्वतःसाठी घर बांधलं, मग देवासाठी. म्हणजे देवळाचं रूप घरावरूनच घेतलेलं असणार. शिवाय दार कुठे आहे ते लांबून कळतं आणि त्रिकोणात मालकाचं कुलचिन्ह छान बसतं, हेही त्याने नोंदवलं. माझ्या मते मालकांना ही शेवटची बाजूच अधिक पटली असावी.

तर्क सुबक होता, पण खरा नव्हता. रोमन शहरी घर आपल्या वाड्यासारखं आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेलं असे. रस्त्याला दिसे ती बहुतांशी कोरी भिंत. 1748 मध्ये पाँपेईचं उत्खनन सुरू झालं आणि पुढे अशी घरं उजेडात येत गेली. तोवर इंग्लंडात वेळ टळून गेली होती.

कारण 1715 साली लंडनमध्ये दोन ग्रंथ निघू लागले: पाल्लादिओच्या ग्रंथाची लिओनीने काढलेली इंग्रजी आवृत्ती आणि कोलेन कॅम्पबेलचा ‘व्हिट्रुव्हियस ब्रिटानिकस’. कॅम्पबेलने वॉन्स्टेड हाउसच्या दारापुढे सहा खांबांचा मंडप उभा केला आणि तो नमुनाच झाला. लॉर्ड बर्लिंग्टनसारख्या वजनदार उमरावाने हे वेड डोक्यावर घेतलं, मग बाकीचे मागे राहतात कशाला! उत्तर इटलीतल्या उन्हात खांबांचा मंडप सावली देई, आणि घराच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब पडव्यांत धान्य नि अवजारं राहत. इंग्लंडात सावली नकोच होती. पडव्यांच्या जागी देखणे उपमहाल आले आणि त्यांत मुदपाकखाना किंवा मालकाचं कुटुंब गेलं.

डर्बीशायरमधलं केडल्स्टन हॉल हे याचं टोकाचं उदाहरण. नॅथॅनियल कर्झनने 1759 च्या सुमारास काम काढलं. ब्रेटिंगहॅम आणि पेन या दोन वास्तुकारांचे हात लागल्यावर ते रॉबर्ट अ‍ॅडमकडे आलं. मोकळ्या देखाव्यासाठी जुनं गाव हलवलं, रस्ताही हलवला. चर्च तेवढं जागेवर राहिलं. सहा खांबांचा भव्य मंडप उत्तरेला, म्हणजे थंड बाजूला! आतल्या दालनात अलाबास्टरचे वीस खांब, उजेड फक्त छतातून. त्यामागे 62 फूट उंचीचं घुमटाचं दालन, रोमच्या पॅन्थिऑनची आठवण करून देणारं. मागची, दक्षिणेची बाजू कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतलेली. मधला महाल पाहुण्यांना दिपवण्यासाठी. घरच्यांनी राहायचं ते बाजूच्या उपमहालात.

हा आराखडा पाल्लादिओने मोचेनिगो नावाच्या व्हेनिसच्या सरदारासाठी कागदावर काढलेल्या एका घरावरून घेतलेला. मध्ये मुख्य इमारत आणि वळणदार मार्गांनी जोडलेले चार उपमहाल. ते घर कधी बांधलंच गेलं नाही. केडल्स्टनलाही चारपैकी दोनच उपमहाल उभे राहिले.

चारही झाले ते कलकत्त्यात. 1799 मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने गव्हर्नमेंट हाउस बांधायला घेतलं, तेव्हा बंगाल इंजिनियर्सच्या चार्ल्स वायटने नमुना म्हणून केडल्स्टनच घेतलं. दगडाच्या जागी वीट आणि चुन्याचा गिलावा. 1803 मध्ये काम पुरं झालं. त्याच वर्षी वेलस्लीच्या फौजा असईला शिंदे-भोसल्यांशी भिडल्या. कलकत्त्यात उपमहालांच्या रचनेला एक वेगळं कामही मिळालं: त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांतून वारा खेळू लागला. डर्बीशायरच्या थंडीत या फटींचा उपयोग कोणाला होता?

केडल्स्टनला जन्मलेला जॉर्ज नॅथॅनियल कर्झन 1899 मध्ये व्हॉइसरॉय होऊन याच इमारतीत राहायला आला. आज तिथे पश्चिम बंगालचे राज्यपाल राहतात.