भयाचा महसूल

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, जेथून पैनगंगेचे पात्र आणि त्यापलीकडचा आदिलाबादचा मुलूख फार दूर नाही, तेथे झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव वसले आहे. कापसाची काळी जमीन, तिच्या पोटातील चुनखडी, आसमंतातील दगडी कोळसा आणि अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना, एवढ्यावरच या गावाची ओळख सहसा आटोपते. परंतु चित्रपटांच्या व्यापाराचा इतिहास पाहू गेल्यास हा प्रदेश एका विलक्षण सरहद्दीवर उभा असलेला दिसतो. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६४ मध्ये वणी हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०२ मध्ये वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रजांच्या पदरी पडून पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. पुढे तो प्रांतही नकाशावरून पुसला गेला. तथापि अमरावती आणि भुसावळ येथील चित्रपट-वितरकांच्या दप्तरात पैनगंगेच्या अलीकडचा मुलूख 'सी. पी. बेरार' आणि पलीकडचा 'निजाम' याच नावाने पुढे कित्येक दशके नांदत राहिला. राज्ये बुडाली, पण चित्रपटाच्या पेट्या जुन्याच सुभ्यांच्या हद्दी पाळीत गावोगाव फिरत राहिल्या.

या पेट्यांतून जे काही आले, त्यात देवादिकांचे, डाकूंचे आणि कौटुंबिक अश्रूंचे चित्रपट जसे होते, तसेच अल्प भांडवलात काढलेले भुतांचे चित्रपटही होते. आणि या शेवटच्या वर्गाविषयी प्रेक्षकांचे मत काय होते, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासकारांनी फार काळ विचारलाच नाही. शहरातील टीकाकाराने त्या चित्रपटाची दखल घेतली नाही, कारण तो त्याला दखल घेण्याजोगा वाटला नाही. आणि ज्याने तिकीट काढून तो पाहिला, त्याच्या हाती लेखणी नव्हती. तेवढ्यावरून त्या प्रेक्षकाला मत नव्हते, असा निष्कर्ष काढला गेला. वस्तुतः हा संपूर्ण चित्रपटप्रकार त्या लेखणीहीन प्रेक्षकाच्या मतातूनच जन्मास आला, असे म्हणण्यास भरभक्कम आधार आहे.

मुकुटबनसारख्या खेड्यांच्या मुलखात हे मत बनण्याची जागा म्हणजे तंबू. वऱ्हाडात कापूस वेचून घरी येऊ लागला आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले, की जत्रांचा आणि फिरत्या सिनेमांचा हंगाम सुरू होई, आणि मृगाच्या तोंडावर तंबू गुंडाळले जात. हा व्यवसाय वरवर भटका दिसला, तरी त्याच्यामागे सरकारी कागदांचा ससेमिरा पुरेपूर असे. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा करमणूक शुल्काचा कायदा १९३६ चा. पुढे मुंबई राज्याचा चित्रपटगृहे विनियमनाचा कायदा १९५३ चा, आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम १९६६ चे. फिरत्या सिनेमाच्या मालकाने परवान्यासाठी दरखास्त करावी, जागेची आणि आगीपासूनच्या बंदोबस्ताची तपासणी व्हावी, तिकिटांवर शुल्क भरावे, आणि हे सारे पार पडल्यावर मगच कनाती ताणाव्यात, असा रिवाज होता.

आत यंत्र एकच असे. शहरातील चित्रपटगृहात दोन यंत्रांमुळे एक रीळ संपताच दुसरे अखंड सुरू होई. तंबूत मात्र रीळ संपले की दिवा लावून दुसरे चढवीपर्यंत थांबावे लागे. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटांत संपते, आणि दोन रिळे एकत्र जोडली तरी वीस-बावीस मिनिटांनी खंड हा पडायचाच. भयपटाच्या दृष्टीने हा खंड म्हणजे मोठेच संकट, कारण मोठ्या कष्टाने साठविलेली भीती दिवा लागताच विरून जाई. पण प्रेक्षकाच्या मताचा शोध घेणाऱ्याला त्या व्यत्ययाइतके मोलाचे दुसरे काही नाही. त्या दोन-तीन मिनिटांतच तंबूतला निवाडा उच्चारला जाई. बिडी पेटवता पेटवता एखादा शेजाऱ्याला 'लय भेव लागते ना बाप्पा' असे म्हणाला, तर चित्रपट तरला. आणि मागच्या बाजूचे पोट्टे 'फोकनाड आहे' म्हणून शिट्या घालू लागले, तर दुसऱ्या दिवशीच्या गल्ल्याची चिंता मालकाने आताच सुरू करावी. पुष्कळ तंबूंत पडद्याच्या दोन्ही अंगांस माणसे बसत. पलीकडच्यांना सारे चित्र उलटे दिसे, नायकाचा उजवा हात त्यांना डावा भासे, नामावलीतील अक्षरे तर वाचताच येत नसत. परंतु भूत कोणत्या हाताने गळा दाबते याची पंचाईत कोणी करीत नसे.

येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. हिंदी चित्रपटात भूत पूर्वीपासून होते, पण ते बहुधा खोटे होते. कमाल अमरोही यांचा 'महल' १९४९ चा, बीरेन नाग यांचा 'बीस साल बाद' १९६२ चा, राज खोसला यांचा 'वो कौन थी' १९६४ चा. या सर्वांत वाडे, धुके, रात्रीचे गाणे आणि दिसून नाहीशी होणारी स्त्री ही सामग्री मुबलक आहे, परंतु अखेरीस त्या साऱ्यामागे माणसाचेच काही कारस्थान अथवा दुःख असल्याचे उघड होते. मराठीतही वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६ च्या चित्रपटाने भयाची उकल मनोविकारात शोधली. सुशिक्षित प्रेक्षकाला ही उकल समाधान देते, कारण तो चित्रपटगृहात येताना आपला बुद्धिवाद घरी ठेवून आलेला नसतो आणि जाताना तो शाबूत असल्याची खात्री त्याला हवी असते. खेड्यातील प्रेक्षकाचा हिशेब निराळा होता. ज्याच्या शिवारात चिंचेवर एक, पिंपळावर मुंजा, पाण्याच्या डोहाशी आसरा आणि रानवाटेला माणसाला रात्रभर फिरविणारा चकवा असे भुतांचे स्वतंत्र वतन ठरलेले, त्याला तीन तास भूत दाखवून शेवटी ते भूत नव्हतेच असे सांगणे म्हणजे सरळसरळ फसवणूक होती.

ही उणीव ज्यांनी ओळखली, ते रामसे बंधू. त्यांचे वडील फत्तेचंद रामसिंघानी हे मूळचे सिंधी. कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते, आणि फाळणीनंतर ते मुंबईस आले. चित्रपटनिर्मितीत त्यांनी पैसा घातला खरा, पण यश हाती लागेना. १९७० मधील त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा चित्रपट आपटला. तथापि त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून चोरी करतात आणि त्यांच्यावर गोळ्यांचा काही परिणाम होत नाही, असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम या पुत्रांनी चित्रपटगृहात जाऊन प्रेक्षकांकडे पाहिले, तेव्हा त्यांना असे दिसले की लोक चित्रपटासाठी येत नसून त्या एका प्रसंगासाठी येत आहेत. बाकीचा चित्रपट टाकून तेवढा प्रसंगच का वाढवू नये, या विचारातून १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' निघाला. भारतीय चित्रपटव्यवसायाच्या इतिहासात प्रेक्षकांचा शेरा इतक्या प्रामाणिकपणे वाचून त्यावर इतक्या तत्परतेने अंमल झाल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील.

त्या चित्रपटाची जुळवाजुळव आजही नवल वाटावे अशी आहे. सारे कुटुंब आणि मोजकी मंडळी महाबळेश्वरला गेली, तेथील सरकारी विश्रामगृहात उतरली, तेथेच चित्रीकरण केले आणि सुमारे चाळीस दिवसांत काम आटोपून परतली. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाला, असे ते स्वतःच सांगत. सात भावांत कोणी कथा पाही, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी संकलन, आणि दिग्दर्शनाची धुरा तुलसी व श्याम यांच्याकडे. घरच्या स्त्रिया सर्वांच्या जेवणाची व्यवस्था पाहत. कुणब्याच्या घरी पेरणीला जसे घरातले एकूणएक माणूस शेतात उतरते, तशीच ही निर्मिती होती, आणि म्हणूनच ती स्वस्त पडली. पुढे 'दरवाज़ा' (१९७८), 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाज़ा' (१९९०) अशी मालिकाच सुरू झाली.

यांपैकी 'पुराना मंदिर' घेऊन प्रेक्षकांच्या मताची छाननी करता येते, कारण तो त्यांच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक. सामरी नावाच्या दैत्याचे शिर धडावेगळे करून शिर पेटीत बंद केले जाते आणि धड देवळामागे पुरले जाते; मरता मरता तो राजघराण्यातील स्त्रियांना प्रसूतीत मृत्यूचा शाप देतो; आणि दोनशे वर्षांनी शिर व धड पुन्हा एकत्र येते. अनिरुद्ध अग्रवाल यांच्या उंच, हाडकुळ्या देहयष्टीने सामरीला जे रूप दिले, ते रंगभूषेच्या खर्चातून मिळण्यासारखे नव्हते. आता या कथेत दोष काढावयाचे म्हटल्यास जागा पुरणार नाही. मधूनच जगदीप यांचे 'शोले'चे विडंबन येते, मधूनच गाणे येते, आणि भय कोठे सुरू झाले व विनोद कोठे संपला याचा ताळमेळ लागत नाही. शहरी टीकाकाराने नेमक्या याच गोष्टींना हसून सोडून दिले. परंतु तंबूतल्या प्रेक्षकाला तो दोष वाटला नाही, कारण रात्र रात्र चालणाऱ्या दंडारीत आणि खडी गंमतीत सोंगाड्याची बाष्कळ बडबड व देवाची नमने एकाच खेळात ऐकण्याची त्याच्या कानांना सवय होती. सलग तीन तास नुसते भिणे हे त्याच्या दृष्टीने रंजन नव्हे, शिक्षा होती.

या प्रेक्षकाच्या कसोट्या सैल होत्या, असे मात्र कोणी समजू नये. भूत उशिरा दिसले तरी चालेल, पण दिसलेच पाहिजे. एकदा भूत म्हटले की ते भूतच असले पाहिजे. त्याला काही कायदा असला पाहिजे, म्हणजे ते कशाने जागे होते आणि कशाने मरते हे ठाऊक असावे आणि त्यात मध्येच बदल होऊ नये. आणि अखेरीस त्रिशूळ असो वा ॐकार, देवाची सरशी झाली पाहिजे, नाहीतर अंधारातून चालत घरी कसे जावे? हवेली, तळघर आणि क्रूस यांचा या मुलखाशी काडीचा संबंध नव्हता. उलट तो परकेपणाच सोयीचा ठरला. हवेलीतले भूत हवेलीत राहणार, ते आपल्या चिंचेवर येणार नाही, याची खात्री असल्यामुळे त्याला मनमुराद भिता येत होते.

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ज्या भागात करणी आणि भानामतीच्या संशयाने माणसे छळली गेली, आजारी मूल दवाखान्याऐवजी भगताकडे नेले गेले, त्या भागात असे चित्रपट दाखविणे म्हणजे आगीत तेल ओतणेच नव्हे काय? महाराष्ट्रातील विवेकवादी चळवळीने हा प्रश्न विचारला, तो सर्वस्वी उचित होता. नागपुरातून श्याम मानव यांनी १९८२ पासून आणि साताऱ्याहून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी चालविलेल्या कार्याची आणि डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची निकड या प्रदेशाने प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. तथापि करणीचा संशय सामरीमुळे जन्मला नाही. तो शेजाऱ्यांच्या मत्सरातून, जमिनीच्या बांधावरून आणि डॉक्टरांच्या अभावातून जन्मला, आणि चित्रपट येण्यापूर्वी कित्येक शतके तो तेथे होता. पडद्यावरच्या भुतासाठी तिकीट काढावे लागते, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढतो ते खोटे आहे हे माणूस जाणतो. गावातल्या भुतासाठी कोणी तिकीट काढीत नाही, आणि म्हणूनच ते अधिक घातक असते.

तंबूंचा काळ पुढे सरला. १९८० नंतर गावोगाव व्हिडिओ आला आणि दूरदर्शनचे जाळे पसरले. १९९३ मध्ये रामसे मंडळींनी स्वतःच 'झी हॉरर शो' काढून घराघरांत प्रवेश केला, आणि त्याच वर्षी महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने भुताला बाहुल्यात घालून मराठी प्रेक्षकाला एकाच वेळी हसविले व दचकविले. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने हवेलीचा मोह सोडून भय उसाच्या फडात आणून बसविले, आणि त्यातील अमानवी शक्तीचे मूळ कन्याहत्येसारख्या अत्यंत मानवी पापात दाखविले. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद लाभला. पण २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक कमाई केली. सहा वर्षांनी पुन्हा सुनावणी होऊन निकाल फिरण्याचा हा प्रकार नवा म्हणता येणार नाही. एका आपटलेल्या चित्रपटातील एका प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्या १९७० च्या प्रेक्षकाने तरी दुसरे काय केले होते?

त्या जुन्या प्रेक्षकाचे मत आज जाणून घ्यावयाचे असेल, तर वर्तमानपत्रांची बाडे चाळून फारसे हाती लागणार नाही. वितरकांकडे रोज जाणारे गल्ल्याचे तक्ते, ज्यांना व्यवसायात डी. सी. आर. म्हणतात, आणि जेथे तिकिटागणिक शुल्क बसे तेथील करमणूक कराच्या नोंदवह्या, हीच त्या मताची खरी बखर होय. कोणत्या रात्री किती माणसे आली, दुसऱ्या रात्री वाढली की घटली, तंबू दोन दिवसांत उठला की आठवडाभर टिकला, हे त्यांत आकड्यांनी लिहिलेले असे, आणि ते लिहिणाऱ्या कारकुनाला आपण एका कलाप्रकाराची समीक्षा नोंदवीत आहोत याची कल्पनाही नव्हती. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेख-कक्षांत ज्या जुन्या वह्या शिल्लक असतील, त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी त्या उघडून वाचल्या पाहिजेत. ज्या लोकमताकडे साहित्याने पाठ फिरविली, त्याचा जमाखर्च महसूल खात्याने ठेवला आहे.