मनाला हाक मारण्याची रीत

'सकारात्मक स्वयंसूचना' हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावातून नांदेड-लातूरला शिकवणीसाठी जाणारी मुले खोलीच्या भिंतीवर 'मी यशस्वी होणारच' अशी वाक्ये चिकटवतात आणि सकाळ-संध्याकाळ म्हणतात. त्यांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कोरडवाहू शेती आणि शिकवणीचे शुल्क यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाला धीर हवाच असतो. परंतु निकाल मनासारखा लागला नाही, की तोच मुलगा 'आपलाच विश्वास कमी पडला' असे म्हणू लागतो. म्हणून या उपायाचा इतिहास तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आजच्या स्वयंसूचनेचा एक प्रमुख जनक म्हणजे एमिल कुए (१८५७-१९२६) हा फ्रेंच औषधविक्रेता. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य झोपताना व उठताना वीस वेळा म्हणावे, असे तो सांगे. मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हाती धरण्याचा सल्लाही त्याने दिला होता. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. १९२०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला.

कुएच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी मराठवाड्यातल्याच जांब गावी, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, जन्मलेल्या समर्थ रामदासांनी (१६०८-१६८१) 'मनाचे श्लोक' रचले. भुजंगप्रयात वृत्तातले हे दोनशे पाच श्लोक पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांच्या तोंडी बसले. त्यांची रीत पाहण्याजोगी आहे. येथे 'मी असा आहे' हे विधान नाही. बोलणारा मनाला समोर बसवतो, 'सज्जन' म्हणून हाक मारतो आणि मग काय धरावे, काय सोडावे ते सांगतो. गौरव हाकेतच उरकतो. पुढे सगळे काम सांगितलेले असते. शिवाय दुःख झाकलेले नाही. सर्व बाजूंनी सुखी असा जगात कोण आहे, याचा शोध मनालाच घ्यायला लावला आहे.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांच्या, आणि एकंदर संतांच्याच, अभंगांत शेवटी नाममुद्रा येते. कवी स्वतःचे नाव घेऊन, जणू दुसऱ्याविषयी बोलावे तसा, स्वतःविषयी बोलतो. 'मी'पासून एक पाऊल मागे सरून पाहण्याची सवय आपल्या भाषेत अशी मुरलेली आहे.

अलीकडचे मानसशास्त्र याच्या जवळपास येते, हे विशेष. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमी वाटते अशांनी 'मी प्रेमास पात्र आहे' अशा अर्थाचे वाक्य घोकल्यावर त्यांना उलट अधिक वाईट वाटल्याचे आढळले. आतले मन त्या विधानाशी वाद घालते, असा त्याचा अर्थ लावता येईल. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत मात्र, भाषणासारख्या कसोटीपूर्वी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधणाऱ्यांची घालमेल कमी झाली आणि कामगिरीही सरस ठरली.

समर्थांना परीक्षेतले गुण अभिप्रेत नव्हते. त्यांचे साध्य रामभक्ती होते. तेव्हा श्लोकांना यशाचा मंत्र करणे हा त्यांच्यावर अन्यायच होईल. घेण्याजोगी आहे ती बोलण्याची रीत. 'मी पहिला येणारच' यापेक्षा 'अरे, जेवण झाले की आधी चार गणिते सोडव' हे वाक्य साधे आहे, पण ते खोटे पडत नाही. मन त्याच्याशी वाद घालत नाही, फार तर आळस करते. आळसाला पुन्हा हाक मारता येते.

पाऊस किंवा बाजारभाव कोणत्याही वाक्याने बदलत नाहीत. ते बदलले नाहीत याचा दोष मुलाच्या श्रद्धेवर टाकणारी कोणतीही शिकवण, ती कितीही गोड असली तरी, आम्हांस निर्दय वाटते. मनाशी बोलावे ते आपल्या माणसाशी बोलतो तसे: आदराने, खरे, आणि आज करता येईल एवढेच.