हाताचा वेग आणि यंत्राचा वेग

मुरबाडकडील एका विद्यार्थ्यानें परवां विचारलें, "सर, आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याला फिल्म पुढें सरकविणारी मोटर बसवूं, कीं हातानेंच फिरवूं?" आपल्या चित्रपटाच्या इतिहासांत हा प्रश्न एकदां येऊन गेला आहे.

१९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणविला. त्याची मूठ हातानें फिरवावी लागे. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सुमारें सोळा चित्रें, हा त्या काळचा रूढ वेग. त्याच सुमारास फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ठराविक अंतरानें एकेक चित्र घेऊन अनेक दिवसांची वाढ त्यांनीं क्षणांत दाखविली. केव्हां थांबावयाचें हें तेथें माणूस ठरवीत होता.

पुढें १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत 'आलम आरा' हा बोलपट झळकला. वेग ढळला कीं स्वरही ढळतो; म्हणून सेकंदाला चोवीस चित्रांचा नियम रूढ झाला आणि मोटर अपरिहार्य ठरली. लाभ मोठा झाला, पण मनगटांत मुरलेला ताल निरुपयोगी झाला. खुद्द फाळक्यांनीं बोलपट म्हणून काढला तो १९३७ चा 'गंगावतरण' एवढाच. तोच त्यांचा अखेरचा.

विद्यार्थ्यास मीं सांगितलें, "तुझ्या कॅमेऱ्याला मोटर जोडण्याची सोय आहे का, तें आधीं पाहा. धांवता खेळाडू टिपावयाचा असेल तर ती अवश्य घे. मात्र सेकंदाला दोन चित्रें घेतलींस तर छत्तीस चित्रांची फिल्म अठरा सेकंदांत संपेल. माळशेजचें धुकें हटण्याची वाट पाहावयाची असेल, तर हात पुरे."