पत्रं दिली कुणी?

छत्री मिटा आणि घुसा गर्दीत. जुलै १८८२, मुंबईचं हायकोर्ट. इमारत अजून नवी आहे, पण आत ओल्या धोतरांचा आणि घामाचा वास कोंदलाय. मागच्याची कोपरं तुमच्या बरगड्यांत रुततायत. सहन करा, बाहेर पाऊस कोसळतोय.

ते दोघे दिसले? टिळक आणि आगरकर. जेमतेम पंचविशी-सव्विशीची पोरं. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे आपल्याच छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा, छळ मांडतायत, असं दाखवणारी पत्रं यांच्या हाती आली. त्यांवर विश्वास ठेवून ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापून मोकळे झाले. पत्रं बनावट ठरली. माफी मागून झाली, तरी चार महिने कैद!

शेजारचा कानाशी लागतो, “दहा हजारांचा जामीन लागला, तेव्हा रामशेठ उरवणे उभे राहिले. जोतिराव फुल्यांच्या शब्दाखातर.”

चला, पायधुणीची ट्राम पकडा. ओल्या घोड्यांचा उग्र दर्प, लिदीत घसरणाऱ्या चपला, आणि डब्यात एकच वाद: पत्रं दिली कुणी? छापणाऱ्याने आधी पारखायला नको? पारखायलाच हवं होतं, मीही तेच म्हणेन. पण दरबाराची दारं आतून बंद असताना बाहेरच्याने पारखायचं कुठे, हेही त्या वाद घालणाऱ्यांनी सांगावं.

आता एक रात्र डोंगरीच्या तुरुंगात काढा. घोंगडी अंगावर घेतलीत की ढेकूण तुटून पडतील. भाजीत कांदा-लसूण, म्हणून हे दोघे कोरडी भाकरीच चावतायत. कोठडीत हवा हलत नाही. आणि तरी यांचा आवाज ऐका! शाळा, कॉलेज, देशाची पोरं शिकवायची कशी... इतके तावातावाने भांडतायत की पहारेकरी येऊन दटावतो. घटकाभर कुजबुज, मग पुन्हा आवाज चढतोच. आगरकरांच्या डोक्यात शेक्सपिअरचा हॅम्लेटही घोळतोय. त्याचं मराठी ते इथेच करणार आहेत.

एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, फाटक उघडतं. रेटारेटीत तुमची पगडी सांभाळा.

“खोटं छापलं, म्हणून आत गेले. मग एवढा जल्लोष कशाला?” कुणीतरी चिडून विचारतो.

“राजाचं काय चाललंय, हे दुसऱ्या कुणी विचारलं होतं?” गर्दीतून उलट सवाल येतो.

पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, नगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराज गेले.