वरसईच्या भटजींचा वाचक

शाळामास्तराची सारी हयात दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात जाते. माझीही तशीच गेली. वर्गातील एका हुशार मुलाने एकदा मला विचारले होते, "गुरुजी, मी एवढा लिहिलेला निबंध वाचणार किती जण?" मी म्हणालो, "मी एकटा." त्याचा चेहरा उतरला. "मग एवढे मनापासून कशाला लिहायचे?" असा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्या वेळी तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. परंतु प्रश्न मात्र सुटला नाही. लेखक म्हणावे कोणाला? ज्याला वाचक आहेत त्याला, की ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे त्याला? आजच्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर आपण तर्काने न शोधता इतिहासाच्या साक्षीने शोधू.

या बाबतीत दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ज्याचे पुस्तक खपते, ज्याचे नाव चार माणसांच्या तोंडी असते, तोच लेखक, बाकीचे हौशी. दुसरा पक्ष म्हणतो, खरा लेखक स्वतःच्या समाधानासाठी लिहितो. वाचक असला काय, नसला काय, त्याला सारखेच. पहिले मत व्यवहाराचे वाटते व दुसरे वैराग्याचे. मला स्वतःला दोन्ही अर्धवट वाटतात. ते कसे, हे दाखविण्यासाठी मी एका अशा माणसाचे उदाहरण घेणार आहे, की ज्याने जन्मभर स्वतःला लेखक म्हणवून घेतले नाही, ज्याचे एकही अक्षर त्याच्या हयातीत छापले गेले नाही, आणि तरीही ज्याचे नाव वगळून मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही. ते म्हणजे 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसे वरसईकर.

पेणजवळच्या वरसई गावी १८२७ साली विष्णुभटांचा जन्म झाला. घर भिक्षुकाचे, दारिद्र्य पाचवीला पुजलेले, डोक्यावर कर्ज. अशात वार्ता आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. कर्ज फिटावे या एका आशेने तिशीच्या उंबरठ्यावरील हा भिक्षुक, आपल्या रामभट काकांना बरोबर घेऊन, उत्तरेकडे निघाला. साल होते १८५७. पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्याला कल्पना कोठून असणार? दक्षिणेसाठी निघालेला हा ब्राह्मण महूच्या सुमारास पोहोचतो तो शिपायांच्या बंडाची कुजबूज कानी येते. आणि तेथून पुढे त्याचा प्रवास हा त्याचा एकट्याचा राहत नाही, तो एका युगाचा प्रवास होऊन बसतो.

या प्रवासातील सर्वांत भयंकर मुक्काम झाशीचा. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीस वेढा घातला, तेव्हा विष्णुभट शहरातच होते. तोफांचे गोळे रात्री आकाशातून कसे येत, लोक कोठे कोठे लपत, पाण्याचे हाल कसे झाले, हे सारे त्यांनी पाहिले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. मग कत्तल झाली, आगी लागल्या, लूट झाली. या लुटीचे वर्णन वाचताना अंगावर काटा उभा राहतो, आणि तो विशेषणांमुळे नव्हे. आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता व धान्य, असा लुटीचा जो क्रम त्यांनी दिला आहे, त्यामुळे. लुटीलाही क्रम असतो, हे घरात बसून कल्पनेने लिहिणाऱ्यास सुचले नसते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याची हळहळही या भिक्षुकाने नोंदविली आहे. स्वतःच्या कमरेची दक्षिणा जाते की राहते याची भ्रांत असताना पोथ्यांसाठी ज्याचा जीव तुटतो, त्याच्या ठिकाणी लेखकाचे पहिले लक्षण मला दिसते.

आणि काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा तो प्रसंग! झाशीहून निसटलेली राणी लक्ष्मीबाई पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ अशी विहिरीवर येते. भटजी ओळखतात व पाणी काढून देण्यास पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घेणे तिला रुचत नाही. ती स्वतःच पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. एवढेच. पुढे थोड्याच आठवड्यांनी, जून १८५८ मध्ये, ती ग्वाल्हेरजवळ रणात पडली. तिच्यावर पोवाडे झाले, नाटके झाली, पुतळे उभे राहिले. परंतु मला विचाराल तर या साऱ्यांहून ती विहीर अधिक बोलकी आहे. राणीचे मोठेपण सांगण्यासाठी भटजींनी आवाज चढविला नाही. जे दिसले ते सांगितले आणि ते बाजूला झाले.

अनेक ठिकाणी लुटले जाऊन, तीर्थयात्रा करून, दक्षिणेऐवजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन विष्णुभट अडीच-तीन वर्षांनी घरी परतले. कर्ज फेडण्यास गेलेला मुलगा गंगोदकाने आईबापांना स्नान घालतो, हा त्या प्रवासाचा शेवट. आणि नंतर? नंतर सुमारे वीस-बावीस वर्षे शांतता. भटजी भिक्षुकी करीत राहिले. ज्याने झाशी पडताना पाहिली, तो माणूस लोकांच्या घरी सत्यनारायण सांगत होता. या काळात ते लेखक होते काय? आपल्या दोन पक्षांना हा प्रश्न विचारून पाहा. पहिला पक्ष म्हणेल, मुळीच नाही. दुसऱ्या पक्षालाही अडचण पडेल. कारण स्वतःच्या समाधानासाठीसुद्धा त्यांनी तोवर ते पुस्तक लिहिले नव्हते.

लिहिले ते १८८३ च्या सुमारास. आणि त्याला कारण झाले चिंतामण विनायक वैद्य. महाभारताचे अभ्यासक, मध्ययुगीन भारताचे इतिहासकार आणि १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे वैद्य. परंतु १८८३ साली ते अवघे बावीस वर्षांचे तरुण होते. त्यांनी भटजींना आग्रह केला की, जे पाहिले ते लिहून काढा. मागणारा भेटला आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या आठवणी कागदावर उतरल्या. त्या छापल्या मात्र गेल्या नाहीत. काळ परक्या सरकारचा होता. बंडाची हकीकत, तीही राणीविषयी आदराने सांगितलेली, छापणे सुखाचे नव्हते. विष्णुभट वारले, त्यानंतर १९०७ साली वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. लेखणी हातात धरतेवेळी भटजींपुढे वाचक होता तो एकच.

मला वाटते, भटजींच्या गद्याचे बळ या एका वाचकात आहे. ज्याला पुष्कळांना खूष करावयाचे असते तो आपले भय लपवितो, लोभ लपवितो आणि शौर्याचा आव आणतो. भटजी तसे करीत नाहीत. आपण दक्षिणेसाठी निघालो हे ते सांगतात; आपण घाबरलो, लपलो, रडलो हेही सांगतात. सन-तारखांत त्यांचा घोटाळा होतो. ऐकीव गोष्टीही पुष्कळ आहेत, आणि इतिहासकाराने त्या पारखूनच घेतल्या पाहिजेत. परंतु विश्वासाच्या माणसाशी ओसरीवर बसून बोलावे तसे ते बोलतात, म्हणून त्यांच्या चुकांतही लबाडी नसते.

आता या कथेचा दुसरा भाग. १९०७ साली पुस्तक लोकांपुढे आणताना वैद्यांनी त्याची भाषा सुधारली आणि काही मजकूर गाळला. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी आग्रह धरला नसता तर पुस्तकच नसते, आणि त्या काळी छापणाऱ्याच्या मागे सरकारचा ससेमिरा लागण्याचे भय खरे होते. शिवाय नागर वाचकाला भिक्षुकाची बोली ओबडधोबड वाटेल असेही त्यांस वाटले असेल. पण परिणाम काय झाला? जो एकटा वाचक असताना लेखक मोकळेपणाने बोलला होता, त्याच वाचकाला अनेक वाचकांची चिंता पडताच लेखकाचा आवाज बदलला. जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने भटजींना दुसऱ्याच्या कपड्यांत पाहिले. सुदैवाने मूळ हस्तलिखित वैद्यांनी नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. मग लोकांना कळले की, ओबडधोबड म्हणून जे घासूनपुसून टाकले होते तेच या लेखनाचे पाणी होते. पुढे २०११ व २०१४ साली या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरेही निघाली. लिहिल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी वरसईच्या भटजींना जगभर वाचक मिळाले.

कोणी म्हणेल, हे एखादे अपवादाचे उदाहरण झाले. तसे नाही. आपल्या मराठी गद्याचा आरंभच पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांच्याकडे जाऊन, विचारपूस करून, एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ जपून त्यांनी काम केले. हा ग्रंथ लोकप्रिय व्हावा म्हणून नव्हता. पंथाच्या साधकांसाठी होता. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेविले, म्हणजे बाहेरच्या वाचकास दारच बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ते दार उघडले, तेव्हा सहाशे वर्षांपूर्वीचे मराठी बोलणे ताजेतवाने बाहेर आले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतो असे होईल. वाचकांच्या सहवासाने लेखक मोठा होतो, असेही घडते. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र काढले ते घरोघरच्या वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी. त्यातून क्रमशः आलेल्या त्यांच्या कादंबरीचे नावच मुळी 'पण लक्षात कोण घेतो?' असे आहे. त्या नावात आपला आजचा सारा प्रश्न सामावला आहे. आपट्यांना वाचक हवे होते. पण टाळ्यांसाठी नव्हे. एका मुलीचे दुःख लोकांनी लक्षात घ्यावे म्हणून हवे होते. वाचकाची इच्छा धरणे यात कमीपणा नाही. वाचकाला काय आवडेल हे पाहून सत्य कापणे यात कमीपणा आहे.

आणि जिला लिहिताच येत नव्हते तिचे काय? खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, घरकामात गाणी रचावी आणि म्हणावी. घरच्या मंडळींनी काही उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. कवयित्री त्या कधी झाल्या, १९५२ साली की जात्यावर बसल्या तेव्हा? याचे उत्तर मी देण्याची गरज नाही. पण येथेही पाहा, ऐकणारे कान घरात होते. ते नसते तर त्यांचे कवित्व कमी झाले नसते. आपण मात्र दरिद्री राहिलो असतो.

तेव्हा, श्रोतेहो, माझा निष्कर्ष असा. जे पाहिले, भोगले, जाणले, त्याच्याशी जो इमान राखतो तो लेखक. त्यासाठी गर्दीची गरज नाही. मात्र तेवढ्याने लेखन जन्मास येतेच असे नाही. बहुधा एक तरी माणूस लागतो, की जो म्हणतो, "सांगा, मला ऐकावयाचे आहे." पुढे वाचक शंभर मिळतात की लाख, की मुळीच मिळत नाहीत, हा काळाचा हिशेब आहे; तो लेखकाने मांडू नये.

आपल्यापैकी प्रत्येकाला लेखक होता येईल असे नाही. परंतु बावीस वर्षांच्या चिंतामणरावांना जे जमले ते आपल्याला जमण्यासारखे आहे. आपल्याही घरात कोणी आजोबा, कोणी आत्या, कोणी शेजारचे म्हातारे गृहस्थ असतील, ज्यांनी पानशेतचा पूर पाहिला असेल, गिरणीचा संप भोगला असेल, गोव्याच्या सत्याग्रहात लाठी खाल्ली असेल. त्यांना एकदा विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि सुधारू नका.

त्या मुलाला आज मी काय सांगेन? सांगेन की, बाळा, तुझा निबंध वाचणारा मी एकटा होतो हे खरे. पण विष्णुभटांनाही आरंभी एकच वाचक होता. एकासाठी खरे लिहिता आले, म्हणजे पुष्कळ झाले.