हेमंतांतील अगर

मुंबईच्या थंडीची कोणी थट्टा केली तर मुंबईकर रागावत नाहीं. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला तो १९६२ सालच्या जानेवारींत. एरवीं अँटॉप हिलसारख्या ठिकाणीं पहाटे एक शाल पुरते. तरीहि या दिवसांत अत्तराच्या पेटींतला हात मोगऱ्याला टाळून अगराकडे वळतो. ही आवड आजची नव्हे.

चरकसंहितेंत थंडी घालविणाऱ्या लेपांत रास्ना व अगर हीं श्रेष्ठ मानलीं आहेत आणि दाह शमविणाऱ्या लेपांत चंदन. वाग्भट हेमंतांत केशर-कस्तुरीची उटी लावून अगराचा धूप घ्यावयास सांगतो. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारां’तील स्त्रिया याच ऋतूंत केंसांना काळ्या अगराचा धूप देतात.

आपल्या प्रांताजवळ यावयाचें तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ पाहावा. सुमारें ११३० सालच्या या ग्रंथांत महाराष्ट्रांतील बायका कांडतांना ओव्या गातात अशी नोंद आहे. त्यांतच विलेपन आणि धूप यांचेंहि वर्णन आहे. पुढें ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरील ग्रंथाला मराठी टीका लाभली. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं तिचा परिचय अभ्यासकांना करून दिला. हें शास्त्र एके काळीं मराठींतहि शिकलें जात होतें, एवढें त्यावरून दिसतें.

या निवडीला कारणहि आहे. अगराचें तेल जड असल्यामुळें सावकाश उडतें. उकाड्यांत त्याचा दर्प कोंडतो. गारव्यांत मात्र तोच गंध मंदपणें दरवळतो आणि कपड्यांत दिवसभर राहतो.

पण हा गंध झाडाच्या दुखण्यांतून येतो. निरोगी अगरवृक्षाचें लांकूड फिकें व जवळजवळ निर्गंध असतें. जखमेंतून बुरशी शिरली म्हणजे झाड तिला अडविण्यासाठीं राळ स्रवतें, आणि तें लांकूड काळें, सुगंधी होतें. ‘अगुरु’ म्हणजे जड नसलेलें. परंतु राळेनें भरलेला उत्तम तुकडा पाण्यांत बुडतो! कोणत्या खोडांत राळ आहे हें बाहेरून नीट कळत नाहीं. म्हणून निरोगी झाडेंहि तोडलीं गेलीं. अखेर १९९५ पासून आसामांत होणाऱ्या अगराच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें.

अरबींत ‘ऊद’ म्हणजे लांकूड, अर्थात् अगरच. आपल्या घरांत बाळंतिणीच्या खोलींत ज्याची धुरी देतात तो ऊद मात्र निराळ्या झाडाची राळ आहे. नांव राहिलें, वस्तु बदलली. आतां वृक्षहि केवळ नांवापुरता उरूं नये, एवढी काळजी त्याचा थेंब मनगटाला लावणाऱ्यांनीं अवश्य वाहावी.