आजीचे वय आणि सातवा एडवर्ड

आमच्या चिखलीला रेल्वे नाही, समुद्र तर नाहीच नाही. त्यामुळे आमच्या घराण्याचा इंग्लंडच्या राजाशी संबंध आला होता असे सांगितले की लोक हसतात. पण आला होता खरा, आणि तोही माझ्या आजीच्या वयावरून.

१९८० सालची गोष्ट. म्हातारपणी सरकारकडून महिन्याला चार पैसे मिळावेत म्हणून आम्ही आजीचा अर्ज केला. कचेरीतल्या कारकुनाने चष्म्यावरून बघत विचारले, "जन्माचा पुरावा?" आजीने तिथल्या तिथे साक्ष दिली, "मी झाली तवा आभायात शेंडेनक्षत्र होतं. माही माय पहाटी दयाले उठे तं पूर्वेले दिसे. अन् त्याच टायमाले राजा मेला."

"बरं मग, दाखला आणा," कारकून म्हणाला. शेंडेनक्षत्राचा आणायचा की राजाचा, ते काही त्याने सांगितले नाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे डोक्यात हवा होतीच. वाचनालयातली जाडजूड पुस्तके काढून बसलो. सातवा एडवर्ड ६ मे १९१० ला वारला, आणि हॅलेचा धूमकेतू त्याच सुमारास पहाटे दिसत होता. त्या साली जानेवारीतही एक ठळक धूमकेतू येऊन गेलेला, तेव्हा नुसत्या शेंडेनक्षत्रावर भिस्त ठेवणे धोक्याचे होते. राजा मेला म्हणून आजीचा महिना पक्का झाला. (ग्रीनिचच्या कॉवेल आणि क्रॉमेलिन या दोघांनी हॅले सूर्याजवळ केव्हा पोचेल याचे गणित आधीच करून ठेवले होते. पाऊणशे वर्षांच्या फेरीत चूक निघाली ती अवघ्या तीन दिवसांची. आमच्याकडे पाहुणेसुद्धा इतके वेळेवर येत नाहीत.)

पाने उलटता उलटता आमच्या कारकुनाचे पूर्वजही सापडले. १९०८ साली अ‍ॅस्क्विथच्या सरकारने म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा कायदा केला. सत्तरी गाठलेल्या गरिबाला १ जानेवारी १९०९ पासून आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. त्यासाठी आणि जर्मनीच्या धास्तीने बांधायच्या युद्धनौकांसाठी लॉइड जॉर्जने श्रीमंतांवर कर बसवले. उमरावांनी ते अंदाजपत्रक फेटाळले. १९१० साली दोनदा निवडणुका झाल्या आणि १९११ साली उमरावांचे पंख छाटले गेले. हा तमाशा चालू असताना आमच्या वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे लंडनलाच होते, टिळकांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी. ते फेटाळले गेले. म्हाताऱ्यांना पाच शिलिंग देणारे सरकार ते हेच. टिळक मात्र १९१४ च्या जूनपर्यंत मंडालेला. त्यानंतर दोनच महिन्यांत त्या युद्धनौका कामाला लागल्या.

पण मला खरा आवडला तो आयर्लंड. तिथे सर्वांच्या जन्माची नोंद सुरू झाली १८६४ साली, म्हणजे सत्तरीच्या माणसाकडे कागद असणार कुठून? पण ६ जानेवारी १८३९ च्या रात्री तिथे भयंकर वादळ झाले होते. ज्या म्हाताऱ्याला ते आठवत होते, तो सत्तरीचा! मग काय, घरोघरी ते वादळ आठवू लागले, आणि पेन्शनवाल्यांचा आकडा पाहून लंडनच्या खजिन्याला घाम फुटला.

हे सगळे मी अर्जाच्या पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. कारकुनाने ते शेवटपर्यंत वाचले, हे त्याच्याविषयी सांगितलेच पाहिजे. मग म्हणाला, "आयर्लंड आपल्या तालुक्यात येत नाही."

शेवटी कोतवाल बुक निघाले. त्यात मे १९१०, पणजोबांचे नाव आणि पुढे नुसते 'मुलगी'. पणजोबांना मुली चार. "ही तीच कशावरून?" खरेच, कशावरून? बाईमाणसाचे नाव लिहायचे तेव्हा कुणाला सुचलेच नव्हते. अखेर एका डॉक्टरांनी आजीचे नसलेले दात तपासून 'अंदाजे सत्तर' असे लिहून दिले आणि पैसे सुरू झाले.

१९८६ साली हॅले परत आला. मी आजीला पहाटे उठवून गच्चीवर नेले. तो अगदी फिका होता, आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी बोट दाखवत राहिलो, ती भलतीकडेच बघत राहिली.

"आला का?" तिने विचारले.

"आला."

"मंग त्या कारकुनाले बलाव."